माडाच्या सावलीतला कॅमेरा

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर माडांची दाट रांग आहे. भर दुपारी या माडांखालच्या वाळूकडे पाहा. झावळ्यांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात. पण वाळूवर पडलेले उन्हाचे कितीतरी ठिपके मात्र गोल दिसतात. असे का?

कारण असा प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. प्रकाश सरळ रेषेत जातो. सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून आलेले किरण लहानशा फटीतून जाऊन जमिनीवर आपापल्या जागी पोचतात. सूर्य माथ्यावर असताना ८ मीटर उंचीवरच्या फटीतून पडणारी प्रतिमा सुमारे ७ सें.मी. रुंद असते. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण कारवारकडे खग्रास, तर रत्नागिरी जिल्ह्यात खंडग्रास होते. अशा खंडग्रास ग्रहणात हे ठिपके कोरीच्या आकाराचे होतात.

छायाचित्रण शिकताना पहिला कॅमेरा याच तत्त्वावर स्वतः तयार करावा. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, तेव्हा सारे काम हातानेच करावे लागे. आजच्या मोबाइल फोनमध्ये बरेचसे काम यंत्रच करते. चित्र मिळते, पण ते बिघडले तर का बिघडले, हे कळत नाही.

सुमारे २० सें.मी. लांबीची पुठ्ठ्याची पेटी घ्या. आतून काळा कागद लावा. एका टोकाला खिडकी कापून तिच्यावर पातळ कागद चिकटवा आणि त्याला थोडे खोबरेल तेल चोळा. हा झाला पडदा. समोरच्या टोकाला सुईने अर्धा मिलिमीटर व्यासाचे भोक पाडा. सूचिछिद्र प्रतिमाग्राहक तयार झाला! भोक उन्हातल्या माडाकडे करा, डोक्यावरून जाड कापड घ्या आणि पडद्याकडे पाहा. माड उलटा दिसेल. माड १२ मीटर उंच असेल व तुम्ही २४ मीटरवर उभे असाल, तर प्रतिमा १० सें.मी. उंच भरेल. म्हणजे माडावर न चढताही त्याची उंची काढता येते!

आता भोक थोडे मोठे करा. प्रतिमा उजळते, पण पुसट होते. कारण माडाच्या एकेका बिंदूचा आता पडद्यावर मोठा ठिपका पडतो. उजेड हवा की रेखीवपणा? छायाचित्रणातला हा मूळ पेच आहे.

तो भिंगाने सुटतो. भोक २.५ सें.मी. व्यासाचे करून त्यावर २० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग बसवा. माड उजळ आणि रेखीवही दिसेल. मात्र जवळची वस्तू पुसट दिसेल. ती स्पष्ट करण्यासाठी भिंग पडद्यापासून थोडे दूर न्यावे लागेल.

या भोकाचा व्यास सुईच्या भोकाच्या ५० पट, म्हणून त्यातून येणारा प्रकाश ५० × ५०, म्हणजे २५०० पट. भिंगाच्या कॅमेऱ्याला जे चित्र घेण्यास सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, त्याच चित्राला सुईच्या भोकातून ५ सेकंद लागतील. तेवढ्यात लाट येऊन परतू लागेल आणि चित्रात ती धुक्यासारखी पसरलेली दिसेल. भोक किती मोठे आणि ते किती वेळ उघडे, या दोन गोष्टी जुळवणे म्हणजेच छायाचित्रणाचा पहिला धडा.

सावधान! भोकातून किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

आता एक प्रश्न. पेटीला सुईने एकाऐवजी तीन भोके पाडली, तर पडद्यावर किती माड दिसतील? आधी उत्तर वहीत लिहा आणि मग प्रयोग करून पाहा.