सायडर: तुरट चवीची गोष्ट

खाण्यापिण्याच्या आपल्या गप्पांमध्ये आज सायडर. आधीच सांगते, सकाळी कोमट पाण्यात चमचाभर घालून लोक नाक मुरडत पितात, ते हे नव्हे. ते सायडर व्हिनेगर. भारतात बऱ्याच जणांची या शब्दाशी पहिली ओळख त्या बाटलीवरच होते, त्यामुळे गोंधळ होणारच. नातं मात्र सरळ आहे. सफरचंदाचा रस आंबवला, त्यातल्या साखरेचं अल्कोहोल झालं, की ती सायडर. ती हवेला उघडी राहिली आणि जिवाणूंनी त्या अल्कोहोलचं आम्ल केलं, की व्हिनेगर. अमेरिकेत आणखी एक घोळ आहे. तिथे नुसतं 'सायडर' मागितलं तर बहुधा न आंबवलेला, गढूळसा ताजा रस हातात येतो. आंबवलेलीला ते 'हार्ड सायडर' म्हणतात. मी आज बोलणार आहे ती मुख्यतः इंग्लंडमधल्या, आंबवलेल्या सायडरबद्दल.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवू. पबमध्ये सायडर बीअरच्या शेजारच्या नळातून, बीअरच्याच ग्लासात मिळते, म्हणून लोक तिला बीअरची बहीण समजतात. पण तिची जात वाइनची आहे. यात धान्य नाही, उकळणं नाही. फळ चिरडायचं, रस काढायचा, आंबू द्यायचा. तेही वर्षातून एकदा, फळ तयार होईल तेव्हा. म्हणजे जसं फळ तशी सायडर. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

मी मूळची बडोद्याची, आता बंगळूरची. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे घरी या विषयावर बोलणंसुद्धा नव्हतं. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आठ महिने ब्रिस्टलला होते. ब्रिस्टल म्हणजे सायडरच्या मुलुखाचा उंबरठा. दक्षिणेला सॉमरसेट, उत्तरेला ग्लॉस्टरशर आणि त्यापलीकडे हेरफर्डशर. पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या लोकांनी पबमध्ये नेलं आणि माझ्यापुढे बर्फाने भरलेला एक उंच ग्लास आला. आधी गोड लागलं, मग एक आंबट टोचणी, आणि मग काहीच नाही. शाळेबाहेर मिळणारी हिरवी गोळी सोड्यात विरघळवली तर जशी लागेल, तशी चव. अर्धा ग्लास तसाच ठेवला. हे लोक ज्याचं एवढं कौतुक करतात ते हेच का, हा प्रश्न मनात राहिला.

त्या ग्लासात काय होतं ते आता सांगते. ब्रिटनच्या करविषयक नियमांनुसार २०१० पासून सायडर म्हणवून घ्यायला किमान ३५ टक्के सफरचंदाचा रस लागतो. हा रस ताजा असायलाच हवा असं नाही. आटवून घट्ट केलेला, परदेशातून पिंपांत भरून आलेला रसही चालतो. कारखान्यात त्यात पाणी आणि साखरेचा पाक मिसळून आधी जास्त कडक सायडर आंबवतात. मग पाणी घालून ती चार-पाच टक्क्यांवर आणतात. शेवटी गोडी, आंबटपणा आणि फसफसणारा वायू, तिन्ही मोजून घालतात. यात बेकायदेशीर काही नाही. बाराही महिने एका चवीचा स्वस्त माल हवा असेल तर तो असाच बनणार. पण एक हिशेब बघा. गोडी पोत्यातून घालता येते, आंबटपणा पुडीतून घालता येतो. फळातून आलेली जी तिसरी चव पाणी घालून पातळ झाली, ती कुठून आणायची?

ती तिसरी चव म्हणजे तुरट.

इथे आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. आपल्या आज्यांनी आपल्याला सहा रस शिकवले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आवळा, जांभूळ, कच्चं केळं, सुपारी यांपैकी काहीही खाल्लं की जीभ आखडते, गाल आत ओढल्यासारखे होतात, आणि लहान मूलही सांगतं, 'तुरट आहे'. रोजच्या इंग्रजीत याला असा सहज शब्द नाही. पुस्तकी शब्द आहे, पण बोलताना लोक 'बिटर', म्हणजे कडू, म्हणून वेळ मारून नेतात. सायडरच्या सफरचंदांच्या जातींची नावंही त्यामुळेच फसवी झाली आहेत.

ही वर्गवारी ब्रिस्टलजवळच झाली. १९०३ मध्ये लाँग अ‍ॅश्टन इथे सायडरवर संशोधन करणारी एक संस्था निघाली. तिचे पहिले संचालक बी. टी. पी. बार्कर यांनी रसातलं आम्ल आणि टॅनिन मोजून सफरचंदांचे चार गट पाडले. आम्ल ०.४५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर फळ आंबट, आणि टॅनिन ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इंग्रजीत 'बिटर'. यातून गट झाले स्वीट, शार्प, बिटरस्वीट आणि बिटरशार्प. मी मनातल्या मनात त्यांचं मराठी करून घेतलं आहे: गोड, आंबट, तुरट-गोड, तुरट-आंबट. टॅनिनमध्ये थोडा कडवटपणाही असतो, पण जिभेवर राज्य करतो तो तुरटपणा. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं झाल्यासारखं वाटतं. चहा जास्त उकळला की जे होतं, तेच हे.

आपण फळवाल्याकडून आणतो ती सफरचंदं गोड किंवा गोड-आंबट असतात. त्यांत टॅनिन फार थोडं. इंग्लंडच्या पश्चिम भागातली सायडरची खास सफरचंदं मात्र खाण्याच्या कामाची नसतात. लोणच्याची कैरी आणि खायचा आंबा आपण वेगळे ठेवतो ना, तसंच. ऑक्टोबरमध्ये सॉमरसेटमधल्या एका शेतावर गेले होते. झाडांखाली लाल-पिवळा सडा पडलेला. शेतकऱ्याने त्यातलं एक उचलून पुसून दिलं. जात डॅबिनेट, तुरट-गोड गटातली. पहिला घास चांगला गोड लागला, आणि मग जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. माझा चेहरा बघून तो हसला आणि म्हणाला, "ही चावायची नसतात, थांबायची असतात."

ते थांबणं असं. पडलेली फळं गोळा करून काही दिवस तशीच ठेवतात, म्हणजे उरलेल्या पिठूळपणाची साखर होते. मग ती यंत्रात किसून लगदा करतात. लगदा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात आणि वरून दाब देतात. या थरांच्या चळतीला तिथे 'चीज' म्हणतात. रस पिंपात जातो. फळावर आणि यंत्रावर असलेलं यीस्टच पुष्कळदा तो आंबवतं. थंडीमुळे हे काम सावकाश, हिवाळाभर चालतं. वसंतात ऊब आली की दुसरा बदल होऊ शकतो: जिवाणू सफरचंदातल्या तीक्ष्ण आम्लाचं दह्यातल्या आम्लात रूपांतर करतात आणि चव मऊ होते. तोवर यीस्टने जवळजवळ सगळी साखर खाल्लेली असते. म्हणून स्वतःच्या मर्जीने आंबलेली सायडर गोड नसते. अल्कोहोल साधारण सहा-सात टक्के.

त्याच शेतावर आदल्या वर्षीची सायडर चाखली. बर्फ नाही, फेस नाही, रंग गडद सोनेरी. वास उन्हात सुकवलेल्या फळाचा, मागे लवंगेसारखी किंचित झाक. घोट गिळल्यावरही चव तोंडात रेंगाळत राहिली. सोबत चेडर चीजचा तुकडा होता. ज्या गावावरून त्या चीजला नाव मिळालं ते चेडरही सॉमरसेटमधलंच. चीजचा तुपकटपणा पुढच्या घोटाने साफ धुऊन निघाला. जेवणानंतर तोंडात आवळकाठी टाकली की जसं वाटतं, तसं. तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पबमधल्या ग्लासात काय नव्हतं, ते इथे होतं.

सायडर गोड हवी असेल तर साखरच घालावी लागते, असंही नाही. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत एक जुनी युक्ती आहे. ताज्या रसातल्या पेक्टिनचा तपकिरी साका वर तरंगू देतात आणि खालचा स्वच्छ रस काढून घेतात. साक्याबरोबर यीस्टचं खाद्यही बरंचसं निघून जातं, यीस्ट अर्धपोटी राहतं, आणि फळाची स्वतःची थोडी साखर बाटलीत शिल्लक उरते. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथली सायडर आंबट आणि फेस नसलेली. बाटली डोक्यावर धरून, कमरेपाशी धरलेल्या ग्लासात एका वेळी घोटभरच ओततात, म्हणजे पडताना ती हवेशी घुसळली जाऊन जागी होते. तिथल्या सायडर-संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, एक पेय बरं-वाईट असण्यावर एवढं बोलायचं कशाला? बोलायचं ते झाडांसाठी. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड येत नाही. आपल्या रायवळ आंब्यासारखं काहीतरी नवंच उगवतं. डॅबिनेट हे असंच कुंपणात आपोआप उगवलेलं एक रोप होतं. कुणाला तरी त्याचा रस आवडला आणि कलमं करून ते पसरलं. प्रत्येक जात म्हणजे एका झाडाची कलमं. शेवटचं कलम गेलं की ती जात गेली. एके काळी शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात मिळे, म्हणून शेताला बाग असे. १८८७ च्या कायद्याने दारूच्या रूपात मजुरी देणं बंद केलं, ते योग्यच झालं. त्यानंतर या बागा टिकायच्या तर रस विकत घेणारं कुणीतरी हवं. पण ३५ टक्क्यांत भागत असेल, आणि तोही आटवलेला रस चालत असेल, तर या न खाण्याजोग्या फळाचं शेतकऱ्याने करायचं काय? अलीकडच्या वर्षांत हेरफर्डशर आणि आसपास मोठ्या खरेदीदारांचे करार संपले आणि चांगली फळती झाडं मुळासकट काढली गेली. पहिला घोट बेचव निघाला की माणूस पुन्हा वाट्याला जात नाही, आणि त्याची किंमत कुठेतरी एक झाड मोजतं.

भारतात हिमाचल आणि काश्मीरच्या सफरचंदांची सायडर आता काही ठिकाणी मिळू लागली आहे. आपली सफरचंदं खाण्याची, त्यामुळे तिच्यात तुरटपणा कमी आणि आंबट-गोड ताजेपणा जास्त असणार. तो दोष नव्हे, ती वेगळी तऱ्हा आहे. तिला सॉमरसेटच्या मापाने मोजू नका; फक्त रस खरा आहे ना, एवढं बघा.

बघायचं कसं? बाटलीवर रसाचं प्रमाण दिलं आहे का, रस ताजा की आटवलेला, हे वाचा. सफरचंदाच्या जातींची आणि हंगामाच्या वर्षाची नावं दिली असतील तर ती चांगली खूण. बर्फ घालू नका. फार गार केलं की वास दबतो. दहा-बारा अंश पुरे. ग्लास वाइनचा घ्या, घोट लहान घ्या, आणि गिळल्यावर क्षणभर थांबा. जीभ किंचित आखडली, तर फळ अजून त्यात आहे असं समजा.

ज्यांना दारू वर्ज्य आहे त्यांना मी प्या म्हणत नाही. तुमच्यासाठी आजचा गृहपाठ सोपा आहे: एक आवळा चावा आणि त्या चवीकडे नीट लक्ष द्या. पुढच्या भागात काजूच्या बोंडांकडे जाऊ, म्हणजे गोव्याच्या फेणीकडे. तिथेही हाच तुरटपणा भेटणार आहे. भेटू.