अंदाज हंगामाचा, तयारी घराची

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही गोष्ट प्राथमिक शाळेत गुरुजींनी आमच्याकडून घोकून घेतली होती. तिचा अर्थ मला कळला तो मात्र ३ जून २०२० रोजी. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन तालुक्यातील आमची सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली. घराची कौले उडाली. माळ्यावरच्या ट्रंकेत सातबारा, रेशनकार्ड आणि माझे शाळेचे दाखले होते; त्यांचा लगदा झाला. वादळ येणार हे आधी कळले नव्हते असे नाही. बाबांनी गुरांची दावी सोडली, आजीला शेजारच्या स्लॅबच्या घरात नेले. कागदांची आठवण कोणालाच झाली नाही. पुढे नुकसानभरपाईच्या अर्जाला तेच कागद हवे होते.

यंदा भूगोलाच्या सरांनी मला प्रकल्पासाठी अटलांटिक महासागरातील ‘हरिकेन’ हा विषय दिला, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की तिकडच्या लोकांना किती आधी कळते?

हरिकेन म्हणजे आपले चक्रीवादळच. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरपर्यंत पोचला की तिकडे त्याला हे नाव मिळते. त्यांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. कोलोराडो राज्य विद्यापीठातील विल्यम ग्रे यांनी १९८४ पासून त्याचे आगाऊ अंदाज देण्यास सुरुवात केली. प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापते, म्हणजे ‘एल निनो’ येतो, त्या वर्षी अटलांटिकमध्ये वादळे कमी होतात असे त्यांना आढळले. याचे कारण मला आमच्या आजीच्या उतरंडीवरून समजले. वादळ हे उतरंडीसारखे सरळ उभे राहिले तरच टिकते. एल निनोच्या वर्षी वरच्या थरातले पश्चिमेचे वारे जोर धरतात. वरची मडकी एकीकडे आणि खालची दुसरीकडे ढकलली गेली की उतरंड ढासळते. या एल निनोशी जोडलेला हवेच्या दाबाचा हेलकावा शोधला तो गिल्बर्ट वॉकर यांनी. ते १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि आपल्या मान्सूनचा अंदाज बांधू पाहत होते! हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला.

अमेरिकेचे सरकारी खाते १९९८ पासून असा अंदाज देते. मे महिन्यात ते सांगते, की नाव देण्याजोगी वादळे इतकी ते इतकी होतील, त्यांपैकी हरिकेन इतकी, आणि हे खरे ठरण्याची शक्यता ७० टक्के. सरासरी वर्षात १४ वादळे होतात, त्यांतली ७ हरिकेन बनतात. वर्तमानपत्रे हाच आकडा मोठ्या टायपात छापतात. पण वादळ कोणाच्या दारात येणार हे त्या आकड्यात नसते. १९९२ चा हंगाम अगदी शांत होता. पहिले नाव देण्यासारखे वादळ ऑगस्टच्या मध्याला झाले, म्हणून त्याला इंग्रजी ‘ए’ अक्षराचे नाव मिळाले, ‘अँड्र्यू’. त्या एकट्याने २४ ऑगस्टला मायामीच्या दक्षिणेचा भाग उद्ध्वस्त केला. उलट २०१० मध्ये १२ हरिकेन झाली, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांतले एकही हरिकेन म्हणून चढले नाही. मेक्सिको आणि कॅनडा यांना मात्र तडाखा बसला.

मग या अंदाजाचा उपयोग काय? माझ्या मते तो दवंडीसारखा आहे. गाव जागे करतो, घर दाखवत नाही. आणि जागे व्हावे ते मे महिन्यातच, कारण काही कामे दोन दिवसांत होतच नाहीत. तिकडे घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान बहुधा धरलेले नसते. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळ मात्र आफ्रिकेच्या बाजूने निघाले तर साधारण आठवड्या-दीड आठवड्यात अमेरिकेजवळ येते. म्हणजे वादळ दिसल्यावर विमा काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खिडक्यांच्या मापाच्या फळ्या आधी कापून ठेवणे, आपले घर कोणत्या स्थलांतर विभागात येते ते पाहणे, ही कामेही तशीच. इशारा आल्यावर दुकानांपुढे आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागतात.

आमच्याकडे विमा नाही, फळ्याही नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा नव्याने काढलेले सगळे कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी घालून, बांधले आणि पत्र्याच्या डब्यात ठेवले. डबा दाराजवळ. एकेक प्रत वसतिगृहातल्या माझ्या पेटीत.

बाबा नव्या रोपांना पाणी घालून आले आणि म्हणाले, “काय गं, यंदा किती वादळं सांगितलीत तुझ्या पुस्तकात?”

मी म्हटले, “बाबा, ती त्यांच्या समुद्रातली. आणि आकडा कितीही असो, आपल्याला एकच पुरतं.”

त्यांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाले, “मग आजीच्या औषधांची चिठ्ठीपण घाल यात.”