मुतखडा कशाला धरून वाढतो?

सबमिशनच्या गडबडीत आपण पाणी प्यायचंच विसरतो. मग एखाद्याच्या कमरेत अशी कळ येते की विचारू नका!

केमिस्ट्रीत शिकलो तेच इथे घडतं. लघवी घट्ट झाली की कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक बनतात. पण इवलासा स्फटिक लघवीबरोबर वाहून का जात नाही? फिलाडेल्फियाचे सर्जन अलेक्झांडर रँडल यांनी यासाठी मृतांच्या हजाराहून जास्त किडन्या तपासल्या. लघवी जिथून ठिबकते त्या टोकांवर त्यांना कॅल्शियमचे पांढरट डाग दिसले. दोऱ्यावर खडीसाखर धरते, तसा या डागांवर खडा धरतो, असं त्यांनी १९३७ साली मांडलं. डाग नेमका किडनीतल्या बारीक नळ्यांच्या आवरणात सुरू होतो, हे शिकागोचे फ्रेडरिक को आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं.

म्हणून दूध सोडायचं का? मुळीच नाही! अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं. इटलीत ५ वर्षं चाललेल्या अभ्यासात (२००२) कॅल्शियम तोडणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ-मांस कमी करणाऱ्या ६० पैकी फक्त १२ जणांना.

तेव्हा वेफर्स कमी, पाणी जास्त. ज्यांना एकदा खडा झालाय, त्यांना रोज निदान अडीच लिटर लघवी होईल इतकं!