मद्यविक्रीच्या अर्जाची छाननी कशी होते?

गावाच्या वेशीवर एखादी नवी इमारत उभी राहते आणि तेथे 'परमिट रूम' होणार अशी कुजबुज सुरू होते. मग शाळेचे मुख्याध्यापक सरपंचांकडे जातात, सरपंच तहसीलदारांकडे जातात. आणि पुष्कळदा असे आढळते की, हरकत घेण्याची योग्य वेळ निघून गेलेली आहे. अर्ज कोणाकडे जातो, त्याची तपासणी कोण करतो आणि ग्रामसभेच्या शब्दाला कोठे वजन आहे, याची माहिती आधीच असती तर ही धावपळ टळली असती.

राज्यात मद्याचा व्यवहार १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये चालतो. 'मुंबई दारूबंदी अधिनियम' हे त्याचे मूळ नाव. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. बंदी हा नियम आणि अनुज्ञप्ती हा अपवाद, अशी ती आहे. त्यामुळे अर्जदाराने सर्व कागदपत्रे जोडली म्हणजे अनुज्ञप्ती मिळालीच पाहिजे, असे होत नाही. मद्याचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे. तथापि नकार मनमानी असूनही चालत नाही. त्याला नियमांचा आधार आणि लेखी कारणे असावी लागतात, कारण त्याविरुद्ध अधिनियमाच्या कलम १३७ खाली अपील करता येते.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयात येतो. अर्जदाराची पार्श्वभूमी, जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार, बांधकामाची परवानगी, उपाहारगृह असल्यास अन्नविषयक परवाना हे सर्व पाहिले जाते. पोलिसांकडून अभिप्राय घेतला जातो. हा भाग बहुतांशी कागदाचा असल्याने त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. खरा कस लागतो तो जागेच्या पाहणीत.

निरीक्षक जागेवर जातात, पंचनामा करतात आणि नकाशा काढतात. शाळा, धार्मिक स्थळे इत्यादींपासून नियमांत विहित केलेले अंतर राखले आहे किंवा नाही, हे त्या वेळी ठरते. अनुज्ञप्तीचा प्रकार व स्थानिक क्षेत्र यांप्रमाणे हे अंतर बदलते. वादाचे मूळ मात्र बहुधा मोजणीच्या रीतीत असते. अंतर सरळ रेषेत मोजले जात नाही. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून, पायी जाणारा माणूस एरवी ज्या सर्वांत जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, संस्थेला कुंपणाची भिंत असल्यास तिच्या जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजणी होते. भिंत नसल्यास इमारतीचे प्रवेशद्वार धरले जाते. म्हणजे खिडकीतून समोर दिसणारे दुकानही नियमाच्या बाहेर राहू शकते, कारण फाटक मागच्या गल्लीत आहे! शिक्षकांना हे विचित्र वाटते, आणि त्यांचे वाटणे चुकीचे म्हणता येणार नाही. म्हणून मोजणीच्या वेळी शाळेचा प्रतिनिधी हजर असणे फार उपयोगाचे ठरते. रोजच्या वहिवाटीची पायवाट नकाशात आली की नाही, हे तोच सांगू शकतो.

'शाळा' व 'धार्मिक संस्था' या शब्दांचा अर्थही नियमांनी बांधून दिला आहे. मान्यताप्राप्त शाळा त्यात येते. खाजगी शिकवणीचे वर्ग येत नाहीत. देवस्थानाच्या बाबतीत सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे काय, हे पाहिले जाते. पिढ्यान्‌पिढ्या पूजले जाणारे परंतु नोंदणी नसलेले देऊळ त्यामुळे अडचणीत येते. ज्या पंचायतींना अशा देवळांची काळजी आहे, त्यांनी नोंदणीकडे वेळीच लक्ष द्यावे.

महामार्गांचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नसावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. मार्च २०१७ मध्ये, वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांच्या क्षेत्रात हे अंतर २२० मीटर करण्यात आले. पुढे नगरपालिका क्षेत्राबाबतही शिथिलता आली.

ग्रामसभेचा ठराव हा पंचायत सदस्यांच्या हातातील मोठा आधार होय. 'गावाचा विरोध आहे' एवढ्या एका ओळीच्या ठरावाने मात्र फारसे साधत नाही. सभेची तारीख, गणपूर्ती, उपस्थितांच्या सह्या, जागेचा नेमका तपशील आणि हरकतीची कारणे त्यात असली पाहिजेत. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने मादक पदार्थांच्या विक्रीचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार थेट ग्रामसभेपर्यंत नेला आहे.

अनुज्ञप्ती दिली गेल्यानंतरही मार्ग बंद होत नाहीत. अटींचा भंग झाल्यास कलम ५४ खाली ती निलंबित अथवा रद्द करता येते. शिवाय २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी निवेदन दिल्यास सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. उभी बाटली व आडवी बाटली ही त्यातील चिन्हे आता खेडोपाडी परिचित आहेत. दुकान बंद होण्यासाठी मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मजुरीसाठी परगावी गेलेली स्त्री त्या दिवशी परतली नाही, तर तिची अनुपस्थिती दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. म्हणून मतदानाची तारीख ऊसतोडीच्या वा स्थलांतराच्या हंगामात येत नाही ना, हे निवेदन देतानाच पाहून तहसीलदारांच्या नजरेस आणून द्यावे.