परदेशांतील करक्रमांक

काशीमीरा येथून नोकरीनिमित्त जर्मनीस निघालेल्या गृहस्थाच्या खिशांत पॅनकार्ड असतेंच. पण तिकडील करखात्यास तें उपयोगाचें नाहीं. तेथें बिऱ्हाड केल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. मग मध्यवर्ती करकचेरी ११ अंकी क्रमांक टपालानें धाडते. २००८ सालापासूनची ही पद्धत. क्रमांक जन्मभर एकच. मात्र टपालपेटीवर आपलें नांव हवें! पेटीवर घरमालकाचेंच नांव असेल तर पत्र माघारीं जाण्याचा संभव फार. क्रमांकावांचून पगारावर सर्वांत जड, सहाव्या वर्गाचा कर बसूं शकतो. जादा कापलेली रक्कम पुढें मिळते. पण पहिलें घरभाडें तोंवर थांबत नाहीं. इकडील पॅन मात्र जपून ठेवावा. येथील घराचें भाडें येत असेल तर त्याच्या करास तोच लागतो.