जुन्या गॅसबत्तीचे पुनरुज्जीवन

जुन्या गॅसबत्तीचे पुनरुज्जीवन म्हणजे वापरातून गेलेली, हवेच्या दाबावर चालणारी बत्ती सुटी करून, तपासून व झिजलेले भाग बदलून ती पुन्हा पेटवण्याजोगी करणे. नावात 'गॅस' असला तरी या बत्तीत रॉकेलच जळते. 'पेट्रोमॅक्स' हे मूळ बर्लिनच्या एरिख उंड ग्रेट्झ या कंपनीचे व्यापारी नाव असून पुढे ते कोणत्याही बनावटीच्या बत्तीला लागले. ओगलेवाडीच्या 'प्रभाकर'सारखा वातीचा कंदील हा निराळा प्रकार होय. त्यात दाब नसतो.

वीज पोचण्यापूर्वी दक्षिण कोकणात जत्रांतील दशावतारी नाटके आणि लग्नाच्या वराती याच प्रकाशात होत.

कार्यपद्धती

पंपाने टाकीत भरलेली हवा रॉकेल वर ढकलते. तापलेल्या नळीत त्याची वाफ होते. ही वाफ निपलच्या केसाएवढ्या छिद्रातून वेगाने सुटते, हवेत मिसळते व मॅन्टलमध्ये जळते. मॅन्टलचा शोध ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी लावला. पारंपरिक मॅन्टलमध्ये सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड असते. थोरियम किरणोत्सारी असल्याने फुटलेल्या मॅन्टलची राख हुंगली जाऊ नये.

टाकीची तपासणी

बत्ती चकचकीत करणे हे काम सोपे आणि बरेचसे दुय्यम आहे. खरा प्रश्न टाकी दाब धरते की नाही, हा असतो. गड नदी व अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या तोंडवलीसारख्या (ता. मालवण) गावात खारी हवा पितळेतील जस्त खाते, तेथे तांबूस डाग दिसतात. गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या बत्तीला आणखी एक धोका असतो. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी कोशांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया व घडणीच्या वेळी धातूत राहिलेला ताण ही त्याची कारणे १९२१ साली स्पष्ट झाली. टाकीचे पितळही दाबून घडवलेले असते, त्यामुळे हाच दोष तिच्यातही संभवतो.

चाचणीसाठी टाकी काठोकाठ पाण्याने भरून पंप मारतात व सांध्यांवर पाझर दिसतो का ते पाहतात. तडा गेलेली टाकी कथलाचा डाख देऊन वापरात आणणे धोक्याचे आहे. अशी बत्ती शोभेसाठीच ठेवावी. पितळ उजळण्यास आमसूल किंवा चिंच चालते. निकेलचा मुलामा असल्यास मात्र घासणे टाळावे.

जोडणी व प्रज्वलन

पंपाचा चामडी वॉशर वाळून आकसतो. बहुधा तेलात भिजवल्यावर तो पुन्हा फुलतो. पंपाच्या तळाच्या झडपेतील रबर मात्र बदलावेच लागते, अन्यथा रॉकेल पंपात शिरते. वाफनळीत काजळी धरली असल्यास ती काढतात. निपलचे छिद्र मोठे झाले असल्यास निपल नवे बसवतात.

टाकी पाऊण भरावी. पेट्रोल कधीही वापरू नये. स्पिरिटने वाफनळी पुरेशी तापल्यावरच रॉकेल सोडावे. मॅन्टलबाहेर पिवळी ज्वाळा येऊ लागल्यास नळी थंड आहे असे समजून हवेचा स्क्रू सैल करावा व दाब उतरवावा.