आधी माती, मग पाटी
चिमुकल्या बोटांना लेखनासाठी सज्ज करणारी हस्तकला

कोहमारा, प्रतिनिधी : मूल तीन वर्षांचे झाले की त्याच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई अनेक घरांत होते. अक्षर वेडेवाकडे आले की मुलाला बोलणी बसतात आणि हळूहळू ते पाटीचाच कंटाळा करू लागते. वास्तविक दोष मुलाचा नसतो. त्याचा हात अद्याप तयार झालेला नसतो.

मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी बहुतांशी कूर्चेच्या स्वरूपात असतात. पुढे ती टप्प्याटप्प्याने टणक होत जातात. हालचालींवरील ताबाही आधी खांद्यात, मग कोपरात व मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांत येतो. त्यामुळेच साधारणपणे तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण पाहून काढता येतो. अक्षरात या साऱ्या रेषा एकत्र येतात.

हात तयार करण्याचे साहित्य कोहमारा परिसरात विकत घ्यावे लागत नाही. गोंदिया हा तलावांचा जिल्हा. तलावाकाठची चिकणमाती मळताना तळहाताचे स्नायू बळकट होतात. पोळ्याच्या मातीच्या बैलाला शिंगे काढताना अंगठा व तर्जनीची चिमटी पक्की होते आणि पेन्सिल धरण्यास हीच चिमटी लागते. पळसाची पाने काडीने टाचून द्रोण करताना एक हात पान धरतो, दुसरा टाचतो. त्यातून दोन्ही हातांचा मेळ बसतो. झेंडूची फुले ओवताना नजर व बोटे एकत्र काम करतात. तिसऱ्या वर्षी कागद फाडून चिकटवावा. बोथट टोकाची कात्री चौथ्या वर्षाच्या सुमारास, मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. महागड्या साधनांऐवजी परिसरातील माती, पाने, बिया व शिंपले वापरून त्यांनी आदिवासी मुलांचे बालशिक्षण उभे केले.

काही पथ्ये मात्र पाळावीत. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया किंवा मणी देऊ नयेत. ते नाकात वा घशात अडकण्याचा धोका असतो. गुंजा विषारी असतात आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना इजा करते. त्या कोणत्याही वयात टाळाव्यात. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. बैल वाकडा झाला तरी तो मोठ्यांनी सरळ करू नये.

पाच वर्षे पूर्ण होऊनही गुंडी लावणे किंवा घास उचलणे मुलाला जड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इतर मुलांच्या बाबतीत थोडा धीर धरावा. मातीत रमलेली बोटे पुढे पाटीवरही रमतात.